उभ्या गाडीची बॅटरी आणि चार्जरची निवड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मर्चंट नेव्हीत, एकदा बोटीवर चढलात की चार-पाच महिने घरी नाही. गाडी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी 35 एएचची (अँपियर-अवर, म्हणजे किती करंट किती तास देईल याचं माप), ठाण्यात सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी. वडील दर रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात, तरी गेल्या तीन खेपांना तुम्ही परत आलात तेव्हा सेल्फ उचलला नाही. बॅटरी जेमतेम दीड वर्षाची, आणि दुकानदार म्हणतो बदला. म्हणून तुम्हाला असा चार्जर हवाय की जो बॅटरी मेंटेनही करेल आणि मेलेली जिवंतही करेल. त्यावरच बुलेट आणि घरचा इन्व्हर्टर भागला तर सोन्याहून पिवळं.

माझं बॅटरीचं दुकान साताऱ्यात आहे, 26 वर्षं हेच करतोय. दुकानदार म्हणून मी खरं तर तुम्हाला नवी बॅटरी विकायला हवी. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकात गुंतलेत. बॅटरी बसू न देणं हे एक काम, बसलेली उठवणं हे दुसरं. पहिलं काम सोपं, स्वस्त आणि खात्रीचं. दुसरं बऱ्याचदा जमत नाही, आणि चार्जरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत मात्र तेच छापलेलं असतं. निवड पहिल्या कामासाठी करा.

आधी हिशेब मांडू, कारण वडील दर रविवारी जिने उतरतात तरी बॅटरी का बसते ते त्यातच आहे. गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉकिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), म्युझिक सिस्टिमचं घड्याळ थोडा करंट ओढत राहतात. चांगल्या गाडीत हा 20 ते 50 मिलिअँपियर असतो. 30 धरा. दिवसाला 0.72 एएच, आठवड्याला पाच. आता रविवारची दहा मिनिटं. सेल्फ मारायला दीडशे-एक अँपियर लागतात, पण ते दोन-तीन सेकंदच, म्हणजे खर्च 0.1 एएचच्या आसपास. लोक या सेल्फलाच घाबरतात, पण खरी गळती तिथे नसते. आयडलवर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा डायनामो) पूर्ण दमाने चालत नाही. बॅटरीत 10 अँपियर गेले असं धरलं तरी दहा मिनिटांत भरले 1.6 एएच. गेले पाच, आले दीड. आठवड्याला साडेतीन एएचचा खड्डा, आणि आठ-नऊ आठवड्यांत 35 एएचचा डबा जवळजवळ रिकामा. वडिलांनी एसी आणि हेडलाइट लावून ठेवले असतील तर अजून लवकर. दर रविवारी अर्धा-पाऊण तास घोडबंदर रोडला फेरी मारली तर गोष्ट वेगळी, पण त्यांच्या वयाला ते झेपेल का ते तुम्हालाच माहीत.

तुमच्या गाडीचा करंट 30 आहे की 130, हे मला इथून सांगता येणार नाही. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर असेल तर आकडा सहज वाढतो. निगेटिव्ह वायर काढून मधे मल्टिमीटर लावा, दारं बंद करा, अर्धा तास थांबा (ईसीयू झोपायला तेवढा वेळ घेतो), मग वाचा. 50च्या बराच वर असेल तर आधी ती गळती शोधा. एकेक फ्यूज काढत जायचं, आकडा जिथे पडेल तिथे चोर.

आता चार्जर विकत घेण्याआधी एक फुकटचा उपाय. तुम्हाला 10 नंबरचा पाना लागेल, बस्स. जाताना बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला बांधून ठेवा. मग बॅटरी फक्त स्वतःहून उतरेल, ती महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के. उन्हाळ्यात जास्त, कारण दर दहा अंशांना हा वेग जवळपास दुप्पट होतो. तरी चार महिन्यांनी परत आल्यावर चांगली बॅटरी सेल्फ मारेलच. तोटे किरकोळ आहेत. घड्याळ आणि काचांचं ऑटो सेटिंग पुन्हा करावं लागेल, काही म्युझिक सिस्टिमना कोड लागतो, आणि दार किल्ली घालून लॉक करावं लागेल. बॉनेटची तार केबिनमधूनच ओढायची असते, त्यामुळे ती किल्ली हरवू नका. माझ्याकडची दुबई-मस्कतला असलेली अर्धी गिऱ्हाइकं एवढंच करतात आणि त्यांना चार्जरची गरज पडत नाही.

तरीही तुमच्या बाबतीत मी चार्जर घ्या म्हणेन. बुलेट आहे, तीन वेळा खोल उतरलेली बॅटरी आहे, आणि निघायच्या आदल्या रात्री ती पूर्ण भरायला काहीतरी हवंच. गाडीच्या अल्टरनेटरवर शेवटचे वीस टक्के भरायला फार वेळ लागतो. शहरातल्या फेऱ्यांवर ते बहुतेक कधीच भरत नाहीत.

चार्जर बघताना अँपियरच्या आकड्याला भुलू नका. साधा नियम असा की एएचचा दहावा भाग. 35 एएचला साडेतीन अँपियर, डिझेलच्या 65 एएचला साडेसहा. मेंटेनन्सला त्याहून कमी चालतो, फक्त वेळ जास्त लागतो. तुम्हाला चार-पाच अँपियरचा पुरे, आणि त्यात एक अँपियरच्या आतबाहेरचा बाइक मोड असला पाहिजे, नाहीतर बुलेटच्या छोट्या बॅटरीला त्रास होईल. 10-15 अँपियरचे गॅरेजवाले चार्जर आमच्यासाठी ठीक, कारण आम्ही समोर उभे असतो.

खरी पारख व्होल्टची. मेंटेनर म्हणवणाऱ्या चार्जरने आधी 14.4 व्होल्टच्या आसपास नेऊन बॅटरी भरायची, आणि भरली की 13.4 ते 13.7वर खाली यायचं किंवा बंद पडून 12.7च्या आसपास पुन्हा सुरू व्हायचं. जो चार्जर 14.4वरच बसून राहतो तो मेंटेनर नाही, तो पाणी उकळायचं यंत्र. आमच्याकडचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर तर 16च्याही वर जातो. एकदा रात्री तो बंद करायचं राहून गेलं आणि सकाळी दुकानात आंबट वास, सहाही सेल प्लेटांच्या खाली सुके. बॅटरी गिऱ्हाइकाची होती. नवी द्यावी लागली. तेव्हा घरी आणलेला कुठलाही चार्जर एक दिवस लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी टर्मिनलवर मल्टिमीटर धरून बघा. 13.7च्या वर दिसला तर दुकानात परत.

आपल्याकडे उन्हाचाही हिशेब करावा लागतो. हे आकडे 25 अंशांचे आहेत. तापमान वाढलं की व्होल्ट कमी करायला हवेत, 12 व्होल्टच्या बॅटरीला अंशामागे 20 मिलिव्होल्टच्या आसपास. मे महिन्यात पार्किंगमध्ये 40 अंश असेल तर 14.4च्या जागी 14.1 बरे. चांगले चार्जर हे आपोआप करतात, खोक्यावर टेंपरेचर कॉम्पेन्सेशन असं लिहिलेलं असतं. स्वस्तात ते मिळत नाही. तुमच्यासारख्या चार-चार महिने जोडून ठेवणाऱ्याने यासाठी पैसे मोजावेत. रात्रभर लावून सकाळी काढणाऱ्याला याची तितकी गरज नाही.

आणि आता ती गोष्ट, जी कोणी विचारत नाही. लाइट गेली की काय होतं? बरेच चार्जर बटण दाबून मोड निवडायचे असतात, आणि वीज जाऊन आली की ते दिवा लुकलुकवत स्टँडबायला बसून राहतात. चार्जिंग बंद. तुमचे वडील येऊन दिवा बघणार, चालू आहे म्हणून परत जाणार. त्यात काही चार्जर स्टँडबायला असताना उलट बॅटरीतूनच थोडा करंट खातात. माझ्याकडे एक जण असा चार्जर तीन महिने लावूनही बसलेली बॅटरी घेऊन आला होता. शिव्या अर्थात मलाच. तेव्हा घेण्याआधी दुकानातच प्लग काढून पुन्हा लावून दाखवायला सांगा. मागच्याच मोडवर स्वतःहून सुरू झाला तरच घ्या. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याला आधी हाच प्रश्न विचारा.

बाकीचं पटकन. उलटं जोडलं तर वाचवणारं संरक्षण हवंच. चिमट्यांबरोबर टर्मिनलला कायमची बसवायची गोल लगची वायर मिळाली तर उत्तम, वडिलांना प्रत्येक वेळी बॅटरीशी झटापट नको. बॅटरीचा प्रकार निवडता आला पाहिजे. साधी पाण्याची आणि एजीएम (काचतंतूंच्या गादीत ॲसिड शोषलेली सीलबंद बॅटरी) यांचे व्होल्ट वेगळे, एजीएमला 14.7पर्यंत चालतात. लिथियमला वेगळाच मोड लागतो, लेड-ॲसिडच्या चार्जरवर लिथियम लावायची नाही. तुमच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असेल तर निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. अशा वेळी काळा चिमटा बॅटरीच्या खांबाला न लावता गाडीच्या बॉडीला लावा, नाहीतर किती चार्ज झालं याचा गाडीचा अंदाज चुकतो.

आता दुसरं काम, जिवंत करण्याचं. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. ताजं असताना ते बारीक आणि मऊ असतं, चार्जिंगला लावलं की विरघळतं. पण तसंच आठवडे-महिने राहिलं की त्याचे खडे होतात. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पहिल्या दिवशी चमच्याने सुटतं, महिन्याने त्याचा दगड होतो, तसं. रिपेअर, रिकंडिशन, डीसल्फेशन अशा नावांचे मोड या खड्यांवर एक तर पल्स मारतात किंवा थोड्या करंटवर व्होल्ट चढवून ठेवतात. स्वीडनच्या सीटेक कंपनीच्या पाच अँपियरच्या प्रसिद्ध मॉडेलमध्ये हा मोड 15.8 व्होल्ट आणि 1.5 अँपियरचा आहे. यात एक फायदा मात्र खराखुरा. उभ्या बॅटरीत जड ॲसिड तळाला आणि पाणी वर असे थर पडतात. जास्त व्होल्टला बुडबुडे उठतात आणि ते ढवळून निघतं. बऱ्याचदा चार्जरने जिवंत केली असं आपण म्हणतो तेव्हा एवढंच झालेलं असतं.

जे होत नाही ते असं. प्लेटांचा मसाला गळून तळाशी गाळ झाला असेल, सेल शॉर्ट झाला असेल, प्लेटची जाळी कुजली असेल, सीलबंद बॅटरी सुकली असेल, तर कुठलाही मोड काही करू शकत नाही. ओळखायचं कसं? दहा-बारा तास चार्ज करूनही व्होल्ट 10.5च्या आसपास अडकले तर एक सेल गेला. एक सेल 2.1 व्होल्टचा, सहातला एक वजा केला की हाच आकडा येतो. उलट चार्जिंगला लावल्यावर वीस मिनिटांत व्होल्ट टुणकन चढले आणि चार्जरने फुल्ल दाखवलं, पण सेल्फ मारताच टकटक, तर ते सल्फेट. अशा वेळी रिपेअर मोडला एक संधी द्यायला हरकत नाही.

परवा पावसात एकाने 65 एएचची बॅटरी आणली. केबिनचा दिवा तीन आठवडे चालू राहिलेला, मीटरवर चार व्होल्ट. त्याच्या नव्या स्मार्ट चार्जरने तिला बॅटरी मानायलाच नकार दिला होता. असं होतं, कारण हे चार्जर ठराविक व्होल्टच्या खाली सुरूच होत नाहीत. हाताने चालवायच्या साध्या चार्जरवर दोन अँपियरने दीड दिवस हळूहळू वर काढली, मग 15.8ला काही तास. बुचं उघडून बघितलं तर सहाही सेलमध्ये सारखे बारीक बुडबुडे, हायड्रोमीटरचा (ॲसिडची घनता मोजायच्या नळीचा) फ्लोट सगळीकडे जवळजवळ एकाच रेघेवर, 1.235 ते 1.240. ती वाचली. त्याच आठवड्यात वर्षभर शेडमध्ये पडलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी आली. हायड्रोमीटरच्या नळीत पाणी चढलं तेच तपकिरी, गढूळ, चहासारखं. तिला मी चार्जरला लावलीही नाही. शेतकऱ्याला वाईट वाटलं, मलाही, पण गढूळ पाण्याला उपाय नाही. यूट्यूबवरचं एप्सम सॉल्ट वगैरे घालू नका. आठ दिवस बरं वाटतं, मग डबा कायमचा जातो.

तुमच्या बॅटरीबद्दल म्हणाल तर दीड वर्षात तीनदा पूर्ण उतरली, आणि दर वेळी किती दिवस तशीच पडून होती यावर सगळं आहे. तुम्ही यायच्या आठवडाभर आधी बसली असेल तर आशा आहे. दोन महिने शून्यावर होती तर दुकानदार बरोबर बोलतोय. परीक्षा अशी करा. बारा-पंधरा तास चार्ज, मग काहीही न जोडता रात्रभर विश्रांती. सकाळी 12.6 किंवा वर असेल तर छान, 12.4 म्हणजे पाऊण भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. नंतर सेल्फ मारताना कोणाला तरी मीटर धरायला सांगा. व्होल्ट 9.6च्या खाली गेले तर ती पुढच्या खेपेला दगा देणार. रिपेअर मोड एकदा, फार तर दोनदा चालवून पुन्हा हीच परीक्षा. तरी 12.4च्या खालीच राहिली तर नाद सोडा, आणि गेलेला डबा भंगारवाल्याला न देता बॅटरीच्या दुकानातच परत द्या. बाकी त्या नामांकित आयात चार्जरच्या किमतीत हॅचबॅकची एक नवी बॅटरी येते. केवळ ही एक बॅटरी वाचवायला तो घेऊ नका. पुढच्या दोन-तीन वाचवायला घेत असाल तर पैसे वसूल.

रिपेअर मोड लावताना बॅटरी गाडीच्या वायरिंगपासून सोडवून घ्या, 15.8 व्होल्ट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला कशाला दाखवायचे. बुचं असतील तर आधी डिस्टिल्ड पाणी बघा, आरओचं चालत नाही. जागा उघडी हवी. बुडबुड्यांतून निघतो तो हायड्रोजन, हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. मी उस्तादाकडे शिकत होतो तेव्हा मेन स्विच बंद न करताच चिमटा ओढला. सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला, झाकण उडालं आणि ॲसिड छातीवर. लगेच नळाखाली उभा राहिलो म्हणून कातडी वाचली. शर्ट दिसायला ठीक होता, धुतल्यावर त्याची चाळण झाली. तेव्हा लावताना आधी चिमटे मग स्विच, काढताना आधी स्विच मग चिमटे. बॅटरी वर फ्लॅटमध्ये आणणार असाल तर उघड्या गॅलरीत लावा, बंद खोलीत नाही.

पार्किंगमध्ये प्लगची सोय आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निम्मं उत्तर त्यावर आहे. तुमच्या मीटरवरून वायर खाली घेता येत असेल आणि सोसायटीची परवानगी असेल तर चार्जर कायमचा जोडा. नसेल तर बॅटरी काढून घरी ठेवा आणि वडिलांनी महिन्यातून एक रात्र चार्जिंगला लावावी. डबा नऊ-दहा किलोचा असतो, तो वर नेण्याचं काम तुम्ही जाण्याआधीच उरका. सोलर ट्रिकलचं (थेंबथेंब चार्ज करणारं) पॅनल स्टिल्टखाली निरुपयोगी आहे.

बुलेट त्याच चार्जरच्या छोट्या मोडवर चालेल. इन्व्हर्टरला मात्र यातलं काही नको. त्याच्या 150 एएचच्या ट्युब्युलर बॅटरीला पाच अँपियरने भरायला दीड दिवस जाईल, आणि इन्व्हर्टर स्वतःच तिचा चार्जर आणि मेंटेनर आहे. घरात लोक आहेत तोवर तो मेनला चालू ठेवा, जाण्याआधी पाण्याची पातळी भरा, एवढंच. त्यावर दुसरा चार्जर चढवू नका, दोघं एकमेकांचे व्होल्ट बघून गोंधळतात.

तर खरेदीला जाताना एवढं चिठ्ठीवर लिहून न्या : चार-पाच अँपियर, बाइक मोड, भरल्यावर 13.7च्या आत, टेंपरेचर कॉम्पेन्सेशन, आणि लाइट जाऊन आली की स्वतःहून सुरू. रिपेअर मोड असला तर असू द्या.

आणि चार्जर कायमचा जोडलात तर गाडीची किल्ली चार्जरच्या वायरलाच अडकवून ठेवा. चार्जर काढल्याशिवाय किल्ली हातात येत नाही. आमच्या गल्लीत एकाने जोडलेल्या चार्जरसकट गाडी बाहेर काढली होती, भिंतीतला सॉकेट बंपरमागे लोंबत कोपऱ्यापर्यंत गेला.